कास कडक होण्याआधी

गेल्या भागात आपण उन्हाळ्यातल्या चाऱ्याविषयी बोललो. त्यानंतर सांगली, बेळगाव, बडोदा, इंदूर अशा ठिकठिकाणांहून मला विचारणा झाली, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा प्रश्न चाऱ्याचा नव्हताच. प्रश्न असा होता : "डॉक्टर, गाईला एसएनएफ लागत नाही. खुराक वाढवला, मिनरल मिक्श्चर सुरू केलं, पाणी तर आम्ही घालत नाही. मग दूध पातळ का दाखवतंय?"

या प्रश्नाची उत्तरं अनेक असतात. पण माझा अनुभव सांगतो की चारा-पाणी ठीक असूनही आकडा घसरत असेल, तर आधी गव्हाणीकडे न बघता कासेखाली वाकून बघावं. म्हणून आजचा भाग कासेवर. आपल्याकडे याला कुणी दगडी म्हणतं, कुणी काससुजी, पुस्तकात कासदाह किंवा स्तनदाह लिहितात. मी काम करतो त्या जयपूर भागात थनैला म्हणतात. नावं वेगळी, पण सगळी नावं आजार दिसायला लागल्यावरची आहेत. कास दगडासारखी झाली म्हणून दगडी, सुजली म्हणून काससुजी. आज मला मुख्यतः त्याच्या आधीच्या अवस्थेबद्दल बोलायचं आहे, जिला गावात नावच नाही.

आधी थोडं जयपूरविषयी, कारण उदाहरणं इथलीच येणार आहेत. राजस्थान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंट येतो, पण दुधात हे राज्य गेली काही वर्षं उत्तर प्रदेशाच्या खालोखाल देशात दुसऱ्या क्रमांकावर आहे. जयपूरचा जिल्हा दूध संघ १९७५ सालचा. गुजरातमध्ये आणंदला जी पद्धत रुजली तीच इथे आली : गावात संस्था, संस्थेकडून संघ, आणि संघाचं दूध 'सरस' या नावाने बाजारात. चौमू, बस्सी, चाकसू या भागांत गेलात तर सकाळी केटली घेऊन संस्थेकडे निघालेल्या बायका दिसतील. घरी एक म्हैस, एक-दोन गाई, त्यातली एखादी होल्स्टीनची संकरित. आपल्याकडच्या बारामती-संगमनेरच्या मोठ्या मुक्त गोठ्यांसारखं इथे कमी दिसतं. दारात खुंटा, वर कडुनिंब, खाली रेती. दूध काढणारे हात बहुधा घरच्या बाईचे.

संस्थेत दूध घातलं की यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं, आणि त्यावर दर पडतो. महाराष्ट्रातही तेच, ३.५ आणि ८.५ हे दोन आकडे आपल्या दूधवाल्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ असतात. पण यंत्र फक्त 'किती' ते सांगतं. 'का' ते सांगत नाही. एसएनएफ ८.१ आलं की पावतीवर पैसे कापले जातात, कासेत काय चाललंय याची ओळ पावतीवर छापलेली नसते.

एसएनएफ म्हणजे दुधातली चरबी सोडून उरलेले घन पदार्थ : दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, प्रथिनं, क्षार. लॅक्टोज आणि केसीन नावाचं मुख्य प्रथिन कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशीच बनवतात. तिथे जंतूंचा संसर्ग झाला की या पेशी जखमी होतात, लॅक्टोज आणि केसीन कमी पडतं. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातलं मीठ दुधात झिरपतं. म्हणून अशा दुधाला किंचित खारट चव येते. चहा फाटतो, दही नीट लागत नाही, पनीर कमी उतरतं. जुन्या बायका चव घेऊनच सांगायच्या की या सडाचं दूध बिघडलंय, आणि त्यांचं बरोबर असायचं. मात्र कच्चं दूध तोंडात घेऊन तपासायची सवय आता सोडा, त्यातून माणसालाही रोग होतात. त्याहून चांगल्या आणि फुकटच्या पद्धती आहेत, त्या पुढे सांगतो.

कासेची रचना लक्षात घेतली की अर्धा विषय सुटतो. गाईची कास बाहेरून एक दिसते, पण आत चार स्वतंत्र खोल्या आहेत. एका सडातलं दूध दुसऱ्यात जात नाही. प्रत्येक खोलीला एकच दार, सडाच्या टोकाचं भोक. त्या भोकापासून आत जाणारी नळी जेमतेम एक सेंटिमीटरची. एवढीशी नळी आणि तिच्या आतलं मेणासारखं अस्तर, हीच सगळी तटबंदी. धार काढताना हे दार उघडतं आणि धार काढून झाल्यावर ते पूर्ण मिटायला अर्धा ते एक तास लागतो. या अर्ध्या तासात गाय शेणामुतात बसली तर जंतूंना कुंडी खडखडवायचीही गरज पडत नाही.

जंतू आत गेले की गाईचं शरीर त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाठवतं. दुधात सापडणाऱ्या या पेशी आणि कासेच्या झडलेल्या पेशी मिळून जो आकडा होतो त्याला सोमॅटिक सेल काउंट म्हणतात. निरोगी सडाच्या एका मिलिलीटर दुधात तो साधारण १ लाखाच्या आत असतो. २ लाखांच्या वर गेला की संसर्ग आहे असं धरून चालतात. युरोपात दूध विकत घेण्याची मर्यादा ४ लाख आहे, अमेरिकेत साडेसात लाख. आपल्याकडे गावच्या संस्थेत हा आकडा कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते आपल्या दूधव्यवसायातली ही मोठी उणीव आहे. जे मोजलं जात नाही त्याचा दंड शेतकरी एसएनएफच्या नावाने भरत राहतो.

आता ती नाव नसलेली अवस्था. तळ्यात डुंबणारी म्हैस बघा. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर, बाकी सगळा देह पाण्याखाली. दगडी तशी असते. सुजलेली, लाल, गरम कास आणि गाठी पडलेलं दूध ही वरची शिंगं. खाली पाण्यात लपलेला आजार कितीतरी मोठा. त्यात कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय खातेपिते, ताप नाही. फक्त पेशी वाढलेल्या आणि दूध थोडं कमी. याला सुप्त कासदाह म्हणतात.

चाकसूच्या बाजूला एका ढाणीत मी गेलो होतो. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. दोन संकरित गाई, एकीचं दूध महिन्याभरात दीड लिटरने घटलेलं. घरच्या मावशींनी खुराक बदलून पाहिला होता, नजर उतरवली होती, गळ्यात काळा दोरा बांधला होता. मी कासेबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दूध तो चोखो छै." चोखंच होतं, दिसायला. मी त्यांच्याकडून कपडे धुण्याची पावडर मागितली. त्यांना वाटलं मला हात धुवायचे आहेत.

पावडरची ही युक्ती तुम्ही आज संध्याकाळीच करू शकता. अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. चार लहान वाट्या घ्या, चार सडांच्या चार. पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढून प्रत्येक सडाचं थोडं दूध आपापल्या वाटीत घ्या आणि तेवढंच द्रावण त्यात घाला. वाटी हलकेच गोल फिरवा, अर्धा मिनिट. निरोगी सडाचं मिश्रण पाण्यासारखं वाहतं राहील. संसर्ग असेल तर ते शेंबडासारखं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट होईल. जितकं घट्ट तितका संसर्ग जास्त. मावशींच्या गाईच्या तीन वाट्या पाणी होत्या आणि मागच्या डाव्या सडाची वाटी तिरकी केली तरी गोळा एकसंध सरकत होता. त्यांनी वाटी हातात घेऊन दोनदा तिरकी करून पाहिली आणि मग गाईकडे पाहिलं.

हे घडतं कसं? साबणामुळे पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांच्या आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याचा चिकट गोळा होतो. पेशी जास्त तर गोळा जास्त. हेच तत्त्व वापरून १९५७ साली कॅलिफोर्नियात श्याल्म आणि नूरलँडर या दोघांनी तपासणीची पद्धत बसवली. तिलाच आपले डॉक्टर सीएमटी म्हणतात आणि तिचं तयार द्रावण औषधाच्या दुकानात मिळतं. धुण्याच्या पावडरवर ती बसवण्याचं काम फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात झालं, म्हणजे पाकिस्तानी पंजाबात. तिथला शेतकरी आपल्यासारखाच दोन-तीन जनावरांचा आणि बेताच्या पैशांचा. सीमेपलीकडून आलेली ही गोष्ट मला फार आवडते.

एक सावधगिरी. नुकत्या व्यालेल्या गाईच्या चिकात पेशी मुळातच जास्त असतात, आणि गाय आटत आली की शेवटच्या दिवसांतही. त्या काळात या चाचणीवर भरवसा ठेवू नका. एरवी महिन्यातून एकदा चारही सडांची ही तपासणी करा. आणि रोज काय करायचं, तर एका भांड्याच्या तोंडाला काळं फडकं बांधा आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा त्यावर घ्या. गाठ, तंतू, पाणचटपणा काळ्यावर लगेच दिसतो. या धारा जमिनीवर सोडू नका. त्यातच जंतू सर्वात जास्त असतात आणि गाय तिथेच बसणार असते.

लपलेल्या आजाराने किती नुकसान होतं? हिशोब सोपा ठेवू. समजा गाय दिवसाला १० लिटर देते. चार सड, प्रत्येकी अडीच लिटर धरू. एका सडाचं दूध पाचव्या हिश्शाने घटलं तर रोज अर्धा लिटर. कुणाच्या लक्षातही येत नाही. ३०० दिवसांच्या वेतात ते १५० लिटर होतात. ३५ रुपये दर धरला तर ५,२५० रुपये. शिवाय उरलेल्या दुधाला एसएनएफची कपात वेगळी, आणि सड कायमचा गेला तर पुढच्या वेतांचंही नुकसान. शिवाय गाय विकायला काढली की व्यापारी पहिला हात कासेलाच घालतो.

आता जंतू येतात कुठून. ढोबळ मानाने त्यांचे दोन प्रकार. एक प्रकार गाईकडून गाईकडे जाणारा : स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकसची एक जात. हे कासेत आणि सडाच्या कातडीवर राहतात आणि धार काढणाऱ्याच्या हातावरून, फडक्यावरून, यंत्राच्या नळ्यांवरून पुढच्या गाईकडे जातात. सुप्त आजाराचे खरे मालक हेच. त्यातही स्टॅफ फार चिवट. तो कासेच्या मांसात गाठी करून बसतो, औषध तिथे पोहोचत नाही. गाय बरी वाटते आणि महिन्याभराने पुन्हा तेच. दुसरा प्रकार परिसरातला, म्हणजे शेण, चिखल, ओलं गवत यांतला. ई. कोलाय त्यातला मुख्य. तो आला की लपत नाही. सकाळी ठीक असलेली गाय संध्याकाळी थरथरते, ताप १०४ ते १०६ फॅरनहाइटपर्यंत जातो, दूध पिवळसर पाण्यासारखं येतं, गाय उठत नाही. तेव्हा तास मोजायचे असतात. फोन लावून डॉक्टरला बोलवा. राजस्थान आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १९६२ हा फिरत्या पशुदवाखान्यांचा फुकट क्रमांक चालू आहे. डॉक्टर येईपर्यंत आजारी सड वारंवार पिळून रिकामा करा, कासेवर गार पाणी मारा.

इथे जयपूरच्या रेतीविषयी बोलायलाच हवं. जगभरातल्या मोठ्या डेअऱ्यांमध्ये गाईला बसायला सगळ्यात उत्तम गादी कोणती, तर स्वच्छ रेती. भुसा, पेंढा, लाकडाचा चुरा यांत जंतूंना खायला मिळतं, रेतीत काही मिळत नाही, आणि पाणी खाली निघून जातं. म्हणजे परदेशात पैसे खर्चून आणतात ती गोष्ट इथे दारात पडलेली. पण खुंट्याजवळची तीच ती रेती वर्षभर बदलली नाही की तिच्यात शेण आणि मूत मुरतं आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात तिचा काळा लगदा होतो. मी इथल्या लोकांना सांगतो की वरची चार बोटं रेती पावसाआधी काढून शेतात टाका आणि कोरडी भरा. खर्च काहीच नाही. आपल्याकडे कोकणात किंवा कोल्हापूरकडे फरशी आणि शहाबादी दगडाचे गोठे असतात. तिथे अडचण उलटी : धुवायला सोपे, पण गाय ओल्यावर बसते आणि घसरली की सड खुरांखाली येतो. रबरी मॅट टाकली असेल तर मॅटखाली काय साचलंय ते उचलून बघा. मला त्यात अळ्याही सापडल्या आहेत.

धार काढण्याच्या पद्धतीवर मी हट्टाने बोलतो, कारण राजस्थानात आणि मराठवाड्यात मला एकच चूक दिसते. अंगठा मुडपून, त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढायची. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे, हात दुखत नाही, धार जोरात येते. पण सडाच्या आतलं नाजूक अस्तर त्या हाडावर रोज दोनदा रगडलं जातं. जखमा होतात, आत गाठ धरते, नळी अरुंद होते, आणि त्या जखमेत जंतूंना घर मिळतं. पूर्ण मूठ वापरा : सड तळहातात धरायचा आणि वरून खाली एकेक बोट मिटत जायचं. सड फारच आखूड असेल तर चिमूट, पण अंगठा मुडपायचा नाही. सवय मोडायला पंधरा दिवस लागतात. दुसरी रीत म्हणजे सडाला दूध, तेल किंवा थुंकी लावून ओला करणे. हे पूर्ण बंद. हात आणि सड दोन्ही कोरडे हवेत.

तसंच पुसायचं फडकं. राजस्थानी बाई ओढणीच्या टोकाने सड पुसते, आपल्याकडची पदराने. एका पदराने चार गाई पुसल्या की एकीचा आजार चौघींना वाटला गेला. जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे करा, एका गाईला एक, वापरून झाला की उकळून उन्हात. जयपूरच्या उन्हासारखं निर्जंतुक करणारं यंत्र कुठे विकत मिळणार? आणि धुण्यापेक्षा कोरडं करणं महत्त्वाचं. पूर्ण कास बादलीभर पाण्याने भिजवली की वरचं घाण पाणी सडांच्या टोकावरून ठिबकतं आणि आपण त्यातूनच धार काढतो. फक्त सड धुवा, आणि पुसून कोरडे करा. पान्हा आला की सहा-सात मिनिटांत काम संपवा. पान्हा सोडणारं संप्रेरक तेवढाच वेळ टिकतं. निरोगी गाय आधी, आजारी शेवटी. गावात एकच गवळी घरोघर धारा काढत फिरत असेल, तर त्याचे हात प्रत्येक दारात साबणाने धुतले जातात ना, यावर घरच्यांनीच लक्ष ठेवावं. बोलायला संकोच वाटतो, मला माहीत आहे.

धार संपली की दोन गोष्टी. पहिली, सडाचं टोक जंतुनाशकात बुडवायचं. पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण, त्यात कातडी फुटू नये म्हणून थोडं ग्लिसरीन. लहान पेल्यात घेऊन प्रत्येक सड त्यात बुडवला की झालं. दुसरी, गाईपुढे लगेच चारा टाकायचा, म्हणजे ती अर्धा-पाऊण तास उभी राहते आणि तोवर दार मिटतं. या बुडवण्याची ताकद इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात दाखवून दिली. नीव्ह, डॉड आणि किंगविल या संशोधकांनी तिथे पाच गोष्टींचा कार्यक्रम बसवला : धारेनंतर सड बुडवणे, आटवताना औषध, आजारी गाईवर वेळेत उपचार आणि नोंद, वारंवार आजारी पडणारी गाय काढून टाकणे आणि यंत्राची देखभाल. साठ वर्षं झाली, जग अजून त्याच पाच गोष्टींवर चालतं. त्यातली चौथी आपल्याकडे अवघड आहे. दोन गाईंच्या घरात एक 'काढून टाका' हे सांगणं सोपं, पण ती गाय म्हणजे घराचा निम्मा पगार असतो. शेवटी त्याविषयी बोलतो.

औषधाकडे येऊ. सडात सोडायची ट्यूब सगळ्यांना माहीत आहे आणि बऱ्याच जण ती दुकानातून स्वतःच आणतात. माझं म्हणणं असं की डॉक्टरला दाखवूनच आणा आणि शक्य असेल तर आधी दुधाचा नमुना तपासायला द्या. कोणत्या जंतूला कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते त्यातून कळतं. जयपुरात पशुवैद्यकीय शिक्षण आणि संशोधनाची पदव्युत्तर संस्था आहे, महाराष्ट्रात परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चौकशी करा. ट्यूब सोडताना आधी सड पूर्ण रिकामा करायचा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसायचं, नळीचं टोक आत पूर्ण खुपसायचं नाही. एक ट्यूब दोन सडांत अर्धी-अर्धी, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्याने दोन्ही सड बरे होत नाहीत आणि पहिल्या सडाचे जंतू दुसऱ्यात जातात. आणि दुसऱ्या दिवशी दूध साफ दिसलं म्हणून औषध बंद करू नका.

औषध चालू असताना आणि वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या गाईचं दूध संस्थेत घालायचं नाही. चारही सडांचं. एका सडात औषध सोडलं तरी ते रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. उकळल्याने ते जात नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले, त्यातल्या ७७ नमुन्यांत प्रतिजैविकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते, म्हणजे १.२ टक्के. आकडा लहान वाटेल. पण सगळ्यांच्या दुधात असं एक केटली दूध मिसळतं हे लक्षात घ्या. हे दूध वासरालाही पाजू नका.

आणि वेदनाशामक. दगडीत गाईला खूप दुखतं, तेव्हा वेदनाशामक द्यावंच. पण कोणतं? पूर्वी सर्रास डायक्लोफिनॅक टोचत. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्याने कमी होताना नोंदवली. पुढे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण कळलं : डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि दगडीवर चालतंही चांगलं. डॉक्टरला नाव घेऊन विचारा, राग येणार नाही.

कोरफडीच्या उपायाबद्दल मला नेहमी विचारतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ तो देशभर शिकवतं : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून लालसर लगदा. त्यातला मूठभर घेऊन पाण्यात पातळ करायचा, आजारी कास धुऊन, पिळून, लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. सोबत दोन लिंबं कापून दिवसातून दोनदा, तीन दिवस खायला. सौम्य आजारात, सुरुवातीला मी स्वतः हा उपाय सांगतो. माझा अंदाज असा की दहा वेळा कास धुऊन पिळण्याचाही त्यात मोठा वाटा आहे. पण ताप असेल, गाय खात नसेल, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळ असेल, तर कोरफड चिरत बसू नका.

आटवण्याचा काळ आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. व्यायच्या साधारण ६० दिवस आधी दूध बंद करायचं. खुराक कमी करायचा, आणि शेवटच्या धारेनंतर चारही सडांत आटवणीची खास ट्यूब. भाकडकाळात दूध नसतं, त्यामुळे औषध दुधातून वाहून जात नाही. दूधकाळात न हटलेला जंतू इथे हटण्याची शक्यता जास्त असते. युरोपात जानेवारी २०२२ पासून प्रतिजैविक सरसकट प्रतिबंधासाठी देता येत नाही, जिला संसर्ग आहे तिलाच. आपणही पावडरच्या चाचण्यांची वर्षभराची नोंद ठेवली तर कोणत्या गाईला हवी ते कळेल. ट्यूब टाकली वा न टाकली, पहिले दोन आठवडे आणि व्यायच्या आधीचे दोन आठवडे गाय कोरडीवर बसली पाहिजे. भाकड म्हणून तिला सगळ्यात ओल्या कोपऱ्यात बांधतात, नेमकं तिथेच बिघडतं.

आता तो राहिलेला प्रश्न, गाय ठेवावी की नाही. एक सड कायमचा गेला तर घाबरून विकू नका. तीन सडांची गाय बऱ्यापैकी दूध देते, बाकीचे सड थोडं भरूनही काढतात. बंद सड पुन्हा पुन्हा पिळत बसू नका, डॉक्टरकडून तो नीट आटवून घ्या. पण एकाच वेतात तोच सड तीन-तीनदा उसळत असेल, नमुन्यात स्टॅफ निघत असेल आणि गाय चौथ्या-पाचव्या वेताची असेल, तर ती दुसऱ्या गाईला धोका आहे. मग तिला वेगळं बांधा, तिची धार सगळ्यात शेवटी काढा, तिचं फडकं वेगळं ठेवा. आणि ती विकलीच तर घेणाऱ्याला सांगून विका. चाकसूच्या त्या मावशींनी गाय ठेवली. मागचा डावा सड आटवला, आणि दुसरी गाय आता त्या आधी पिळतात.